गुलाबी फीत आणि तपासणीची तारीख

ऑक्टोबर हा स्तनाच्या कर्करोगाविषयीच्या जागृतीचा महिना म्हणून पाळला जातो. या निमित्ताने सदराकडे आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे आणि त्यांची उत्तरे या अंकात देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या बचत गटाने मागील ऑक्टोबरमध्ये गुलाबी साड्या नेसून गावातून फेरी काढली, भाषणे ठेवली आणि फिती वाटल्या. यंदाही तसाच कार्यक्रम करावा, अशी सूचना आली आहे. परंतु हा महिना कोणी ठरवला, रंग गुलाबीच का आणि एवढे करून साधते काय, असे काही सभासदांनी बैठकीत विचारले. सचिव या नात्याने उत्तर देणे माझ्याकडे आले आणि मला ते देता आले नाही.
— सचिव, महिला बचत गट, सोलापूर जिल्हा

उत्तर : आपल्या सभासदांचे प्रश्न अगदी रास्त आहेत. हा महिना अमेरिकेत १९८५ मध्ये सुरू झाला. अमेरिकन कॅन्सर सोसायटी ही संस्था आणि इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीचा औषध विभाग यांनी मिळून तो सुरू केला आणि अधिकाधिक स्त्रियांनी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाची क्ष-किरण तपासणी, करून घ्यावी हा त्यामागचा मुख्य हेतू होता. हीच कंपनी स्तनाच्या कर्करोगावरील टॅमॉक्सिफेन हे औषध तयार करीत असे. या औषधाने जगभरातील असंख्य स्त्रियांचे आयुष्य वाढवले आहे, त्यामुळे केवळ कंपनीचा हात होता म्हणून सारा उपक्रम संशयास्पद ठरवणे मला योग्य वाटत नाही. मात्र ज्या मोहिमेला औषध कंपनीचा पैसा असतो, ती तपासणी आणि उपचार यांविषयी भरभरून बोलते आणि रोग मुळात का होतो याविषयी कमी बोलते, ही टीका अमेरिकेतील रुग्ण स्त्रियांनीच केली आहे आणि तिच्यात तथ्य आहे.

फितीची हकिकत आपल्या सभासदांना अवश्य सांगा. १९९० च्या दशकाच्या आरंभी कॅलिफोर्नियातील शार्लट हेली या स्त्रीने घरी बसून पीच फळाच्या रंगाच्या, म्हणजे फिकट नारिंगी, फिती तयार केल्या. तिची आजी, बहीण आणि मुलगी या तिघींनाही स्तनाचा कर्करोग झाला होता. प्रत्येक फितीसोबत ती एक कार्ड देत असे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या अंदाजपत्रकातील केवळ पाच टक्के रक्कम प्रतिबंधावर खर्च होते, ही फीत लावून लोकप्रतिनिधींना जागे करा, असा त्यावरील मजकुराचा आशय होता. १९९२ मध्ये एका मासिकाने आणि एस्टी लॉडर या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीने तिच्याकडे ती फीत मागितली; आपल्या मागणीचा व्यापार होईल या कारणाने तिने नकार दिला. तेव्हा वकिलांच्या सल्ल्याने रंग बदलण्यात आला आणि गुलाबी फीत जगभर गेली. रंगासोबत अंदाजपत्रकाविषयीचा मजकूरही गळून पडला, याची मला खंत वाटते, कारण त्या बाईची मागणी सरकारकडे होती आणि ती आकड्यानिशी केलेली होती.

आता साधते काय, हा प्रश्न. अमेरिकेतील कर्करोगाच्या नोंदी तपासून २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की १९९० च्या दशकाच्या मध्याच्या सुमारास ऑक्टोबर संपल्यावर येणाऱ्या नोव्हेंबरमध्ये निदानांची संख्या वाढत असे, परंतु पुढील वर्षांत हा परिणाम ओसरत गेला. याचा अर्थ मी असा लावते की जेथे स्त्रिया तपासणीला जात नव्हत्या पण तपासणीची सोय उपलब्ध होती, तेथे या महिन्याने त्यांना दारापर्यंत आणले. तपासणी अंगवळणी पडल्यावर महिन्याचे काम उरले नाही. आपल्याकडील स्थिती निराळी आहे. २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील ३० ते ४९ वयोगटातील स्त्रियांपैकी एक टक्क्याहूनही कमी, म्हणजे ०.९ टक्के, स्त्रियांनी आयुष्यात एकदा तरी स्तनाची तपासणी करून घेतलेली होती. म्हणजे काम पुष्कळ उरले आहे, पण फेरी संपल्यावर ज्या दारापाशी जायचे ते दार उघडे असले पाहिजे.

म्हणून माझी विनंती अशी की यंदा कार्यक्रमाची तारीख ठरवण्यापूर्वी आपण प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा आणि स्तनाची तपासणी करणारी प्रशिक्षित परिचारिका किंवा महिला डॉक्टर आपल्या गावी कोणत्या दिवशी येऊ शकेल, ते विचारा. गाठ आढळल्यास पुढची सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी कोणत्या रुग्णालयात होईल आणि तेथे कोणत्या वारी जायचे, तेही लिहून घ्या. या दोन गोष्टी हातात आल्यावर फेरी काढा, साड्या गुलाबी नेसा, भाषणेही ठेवा. आणि हजेरीच्या वहीत नावापुढे एक रकाना वाढवून तपासणी झाल्याची तारीख लिहा, म्हणजे पुढच्या ऑक्टोबरमध्ये कार्यक्रमाचे काय झाले हे कोणालाही विचारावे लागणार नाही.

प्रश्न : माझी आई ५२ वर्षांची असून साताऱ्याला राहते. माझी बहीण न्यू जर्सीला असते. तिच्या म्हणण्याप्रमाणे तिकडे चाळिशीनंतर मॅमोग्राफी सर्रास केली जाते आणि आईचीही झालीच पाहिजे. आईच्या डॉक्टरांनी मात्र हाताने तपासून दरवर्षी दाखवायला या, एवढेच सांगितले. आईची सख्खी बहीण ४१ व्या वर्षी या आजाराने आजारी पडली होती. आम्ही कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : दोघांच्याही म्हणण्याला आधार आहे. अमेरिकेतील अधिकृत तज्ज्ञ समितीने २०२४ पासून ४० ते ७४ वयाच्या स्त्रियांनी दर दोन वर्षांनी मॅमोग्राफी करावी, अशी शिफारस केली आहे. आपली बहीण ज्या व्यवस्थेत राहते तेथे ते योग्यच आहे. भारतात हा रोग सरासरीने पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत सुमारे दहा वर्षे आधी होतो. पाळी चालू असलेल्या वयात स्तनातील ग्रंथींचे प्रमाण अधिक असते, ते क्ष-किरण चित्रात पांढरे दिसते आणि गाठही पांढरीच दिसते, त्यामुळे तरुण स्त्रियांमध्ये मॅमोग्राफीची अचूकता कमी होते. शिवाय हे यंत्र, ते चालवणारे तंत्रज्ञ आणि चित्र वाचणारे डॉक्टर तालुक्याच्या गावी सहसा मिळत नाहीत. म्हणून आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची प्रशिक्षित व्यक्तीने हाताने केलेली तपासणी हीच पहिली पायरी मानली आहे.

ही तपासणी म्हणजे गरिबांसाठी केलेली तडजोड होय, असा समज सुशिक्षित घरांतही आढळतो. त्याला उत्तर मुंबईतूनच मिळालेले आहे. टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मुंबईतील ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. वस्त्यांचे वीस गट करून त्यांतील निम्म्या गटांमध्ये प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशा चार वेळा, स्त्रियांची हाताने तपासणी केली. उरलेल्या गटांमधील स्त्रियांना माहिती दिली गेली, पण तपासणी झाली नाही. वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या गटात पुढच्या, म्हणजे तिसऱ्या व चौथ्या अवस्थेत सापडणाऱ्या रुग्णांचे प्रमाण ३७ टक्के होते, तर दुसऱ्या गटात ते ४७ टक्के होते. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांमध्ये मात्र मृत्यूचे प्रमाण घटल्याचे दिसले नाही, आणि सर्व वयोगट एकत्र धरल्यास १५ टक्क्यांची जी घट दिसते ती संख्याशास्त्राच्या कसोटीवर निश्चित म्हणता येत नाही. आपल्या आईचे वय ५२ आहे. जाणत्या हातांनी नियमित केलेल्या तपासणीचा लाभ ज्या वयात सिद्ध झालेला आहे, त्याच वयात त्या आहेत.

तथापि आपल्या पत्रातील एका वाक्यामुळे माझा सल्ला बदलतो. सख्ख्या बहिणीला ४१ व्या वर्षी रोग होणे, ही सामान्य जोखमीपेक्षा अधिक जोखमीची खूण आहे. अशा स्त्रीसाठी केवळ हाताने केलेल्या तपासणीवर थांबणे मला पुरेसे वाटत नाही. आईला कर्करोगाचे उपचार करणाऱ्या मोठ्या रुग्णालयात एकदा न्या, मॅमोग्राफी करून घ्या आणि घराण्यातील स्तनाच्या व अंडाशयाच्या कर्करोगाची माहिती, आजोळच्या पुरुषांसह, कागदावर लिहून सोबत ठेवा. मावशी हयात असतील तर जनुकीय तपासणी प्रथम त्यांची करणे अधिक उपयोगाचे ठरते. त्यांच्यात दोष सापडला तर आई, आपण आणि आपली बहीण यांना नेमके काय करायचे ते ठरवता येते. आईच्या डॉक्टरांना मावशींविषयी सांगितले होते का, हेही आठवून पाहा. अनेकदा ही माहिती सांगायचीच राहून जाते.

स्वतःच्या हाताने दरमहा ठरावीक पद्धतीने तपासणी करण्याविषयी आपण विचारलेले नाही, पण जागृतीच्या बहुतेक कार्यक्रमांत तीच शिकवली जाते म्हणून लिहिते. चीनमधील शांघाय येथे कापड कारखान्यांतील २,६६,००० हून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. ज्यांना ही पद्धत काळजीपूर्वक शिकवली होती त्यांच्यातील आणि इतर स्त्रियांमधील मृत्यूंचे प्रमाण सारखेच राहिले. फक्त निरुपद्रवी गाठींसाठी कराव्या लागलेल्या बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासण्या, वाढल्या. त्यामुळे महिन्याच्या ठरावीक दिवशी धास्तीने तपासत बसण्याची गरज नाही. आपले शरीर नेहमी कसे असते याची ओळख असावी आणि त्यात बदल दिसला तर तो दाखवावा. न दुखणारी गाठ, त्वचेला पडलेली खळी, संत्र्याच्या सालीसारखी झालेली त्वचा, नव्याने आत ओढले गेलेले स्तनाग्र, त्यातून येणारा रक्तमिश्रित स्राव आणि काखेतील गाठ हे ते बदल होत. गाठ दुखत नाही म्हणून स्त्रिया थांबतात आणि मी पाहिलेला उशीर बहुतेक वेळा याच एका समजुतीतून झालेला आहे.

प्रश्न : हा आजार पुरुषांना होतो का? माझ्या डाव्या स्तनाग्रामागे एक कठीण गाठ दोन महिन्यांपासून आहे. घरी सांगण्यास संकोच वाटतो.
— एक वाचक, वय ६१, रत्नागिरी

उत्तर : होतो. स्तनाच्या कर्करोगाच्या एकूण रुग्णांपैकी सुमारे एक टक्का पुरुष असतात. पुरुषांमध्ये अशी गाठ अन्य, निरुपद्रवी कारणांनीही येते, परंतु या वयात आणि एकाच बाजूला आलेली कठीण गाठ तपासल्याशिवाय ठेवू नये. याच आठवड्यात शल्यचिकित्सकांना दाखवा आणि पत्नीला सोबत न्या.

प्रश्न : माझा आजार तीन वर्षांपूर्वी हाडांत पसरला. गोळ्या चालू आहेत, मी स्वयंपाक करते, नातवाला शाळेत सोडते. ऑक्टोबर आला की मला कार्यक्रमांची निमंत्रणे येतात. तेथे कर्करोगावर मात केलेल्या स्त्रियांचा सत्कार होतो, टाळ्या वाजतात आणि मी मागच्या खुर्चीवर बसून असते, कारण मी मात केलेली नाही आणि करणारही नाही. मागील वर्षी एका वक्त्यांनी सांगितले की जिद्द असली की रोग हरतो. माझी जिद्द कमी पडली का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही, ताई. आपली जिद्द कमी पडलेली नाही. स्तनाच्या कर्करोगाच्या काही पेशी पहिल्या उपचारानंतरही अस्थिमज्जेत किंवा अन्यत्र वर्षानुवर्षे सुप्त राहू शकतात आणि नंतर वाढू लागतात. वेळेवर निदान झालेल्या आणि उपचार पूर्ण केलेल्या स्त्रियांमध्येही हे घडते. ते पेशींच्या स्वभावामुळे घडते, रुग्णाच्या मनोबलामुळे नव्हे. व्यासपीठावरून जे सांगितले गेले ते चुकीचे होते आणि ते ऐकून आपल्याला ज्या वेदना झाल्या त्याबद्दल, मीही या क्षेत्रातली असल्याने, मला मनापासून वाईट वाटते.

आपण लिहिलेली भावना एकट्या आपली नाही. अमेरिकेतील अशाच स्त्रियांनी, सबंध महिना लवकर निदानाविषयी बोलले जाते आणि आमच्याविषयी कोणी बोलत नाही, असे ठामपणे मांडले. २००९ मध्ये १३ ऑक्टोबर हा दिवस पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगासह जगणाऱ्यांसाठी तेथील संसदेच्या ठरावाने राखून ठेवण्यात आला. आपल्याकडील आयोजकांनी हा दिवस पाळावा, असे मला वाटते. त्या दिवशी सत्कार नकोत. वेदनाशामक उपचार कोठे मिळतात, मॉर्फिनची गोळी कोणत्या रुग्णालयात उपलब्ध आहे, दीर्घकाळ चालणाऱ्या औषधांचा खर्च योजनेत बसतो का, एवढी तीन उत्तरे मिळाली तरी पुष्कळ झाले.

एक वैद्यकीय सूचना मात्र आवर्जून करते. हाडांत पसरलेल्या आजारात पाठीत किंवा मानेत नव्याने तीव्र वेदना सुरू झाल्या, पायांत बधिरता किंवा अशक्तपणा जाणवू लागला, लघवीवरील ताबा गेला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जायला हवे, कारण मज्जारज्जूवर दाब येत असल्याची ती लक्षणे असतात आणि काही तासांत उपचार झाले तर पाय वाचतात. हा परिच्छेद घरच्यांना वाचायला द्या. अतिशय तहान, मळमळ आणि गुंगी एकत्र आली तर रक्तातील कॅल्शियम वाढलेले असू शकते; तेही त्वरित तपासावे लागते. निमंत्रण आले आणि जावेसे वाटले नाही, तर जाऊ नका. कारण सांगण्याचे बंधन आपल्यावर नाही.

प्रश्न : मी आशा कार्यकर्ती आहे. तीस वर्षांवरील बायकांचे फॉर्म घरोघर जाऊन भरते, पण तपासणीला या म्हटले की येत नाहीत. आमच्याकडे ऑक्टोबरमध्ये शिबिर असते आणि दिवाळीनंतर निम्मे गाव ऊसतोडणीला जाते. मागच्या वेळी एकीला पुढच्या तपासणीसाठी जिल्ह्याला जा म्हणून चिठ्ठी मिळाली, तोवर ती कारखान्यावर गेली होती. परत आल्यावर गाठ वाढलेली होती. माझे काय चुकले?
— आशाताई, बीड जिल्हा

उत्तर : आपले चुकलेले नाही; शिबिराच्या वेळापत्रकाचे चुकले. ऑक्टोबर हा महिना दूरच्या एका देशात ठरला आणि त्याचा आपल्या जिल्ह्यातील कोयत्याच्या हंगामाशी काहीही संबंध नाही. ज्या गावातून दिवाळीनंतर कुटुंबे बाहेर पडतात आणि उन्हाळ्यात परततात, तेथील शिबिर जूनमध्ये व्हावे, म्हणजे गाठ आढळल्यास सोनोग्राफी, बायोप्सी आणि गरज पडल्यास शस्त्रक्रिया यांसाठी हंगामापूर्वी तीन-चार महिने मिळतील. ऑक्टोबरचे शिबिर वरून ठरलेले असल्यास तेही होऊ द्या, परंतु त्यात सर्वप्रथम स्थलांतर करणाऱ्या स्त्रिया घ्याव्यात. ही मागणी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी द्या आणि या उत्तराचे कात्रण सोबत जोडा.

बायका येत नाहीत याचे एक कारण आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल. आपल्या जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याचे उघड झाल्यावर २०१९ मध्ये राज्य सरकारला समिती नेमून चौकशी करावी लागली. कर्करोग होईल, ही भीती घालूनच अनेकींना त्या शस्त्रक्रियेसाठी तयार करण्यात आले होते. त्यानंतर कर्करोगाच्या तपासणीला या, असे कोणी म्हटले की त्या मागे सरकतात, हे स्वाभाविकच आहे. त्यामुळे बोलताना भीतीपासून सुरुवात करू नका. तपासणी कोण करणार, तिला किती मिनिटे लागतात, पडदा असेल का, पैसे लागतील का, आणि काही सापडलेच तर लगेच कापाकापी होत नाही, आधी सुईने तुकडा घेऊन पाहतात, हे क्रमाने सांगा.

शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात काय घडले तेही त्यांना सांगता येईल. तेथील खेड्यांमधील ५२ गटांत ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास टाटा स्मारक रुग्णालय आणि बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय यांच्या सहभागाने झाला आणि २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष जगापुढे आले. एचपीव्ही या विषाणूसाठी आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीमुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. ज्या स्त्रियांच्या सहभागातून जगाला हे उत्तर मिळाले, त्या आपल्यासारख्याच शेतात राबणाऱ्या होत्या. त्यांच्यापर्यंत आरोग्यसेविका गावात जाऊन पोहोचल्या होत्या, म्हणूनच ते शक्य झाले.

चिठ्ठी मिळालेल्या स्त्रीच्या बाबतीत पुढील वेळी असे करून पाहा. चिठ्ठी तिच्या हातात देण्यापूर्वी तिच्या आणि मुकादमाच्या फोनचा क्रमांक, ती ज्या कारखान्याच्या तळावर जाणार आहे त्याचे नाव आणि तालुका आपल्या वहीत लिहा. आजाराविषयी मुकादमाला काहीही सांगू नका. तळाच्या जवळच्या रुग्णालयात तपासणी होऊ शकते का, हे आपल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना त्या तालुक्यातील अधिकाऱ्यांकडून विचारून घ्यायला लावा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील उपचार राज्यातील कोणत्याही संलग्न रुग्णालयात मिळतात, त्यामुळे तिने गावी परत येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. मात्र शिधापत्रिका आणि आधार कार्ड घरी कुलपात न ठेवता सोबत न्यायला सांगा. आणि जी परत आली आहे, जिची गाठ वाढलेली आहे, तिला आता एकटी पाठवू नका. तिच्याबरोबर सासू किंवा नवरा जात नसेल तर आपण स्वतः जा, आणि बायोप्सीचा अहवाल घेण्याची तारीख तेथूनच लिहून आणा.